पोटातले सोबती आणि मेंदूवरील आघात



चेन्नई शहराच्या दक्षिण भागात गिंडी नावाचे उपनगर आहे. तेथे 1899 मध्ये किंग इन्स्टिट्यूट ही रोगप्रतिबंधाचे कार्य करणारी संस्था स्थापन झाली. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त कर्नल किंग यांचे नाव तिला देण्यात आले. देवीची लस तयार करणे हे तिचे आरंभीचे मुख्य काम होते. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत परळ येथे प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे 1925 साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. देवी, प्लेग, पटकी अशा साथींनी गावेच्या गावे ओस पडण्याचे ते दिवस होते. सूक्ष्मजीव म्हणजे माणसाचा वैरी, ही समजूत तेव्हा दृढ झाली आणि ती अकारण नव्हती.

गिंडीच्या याच आवारात 15 जून 2023 रोजी एक हजार खाटांचे कलैञर शताब्दी रुग्णालय सुरू झाले. साथीच्या रोगांच्या जोडीला हृदयाचे व मेंदूचे विकारही आता आपल्यापुढे उभे आहेत. हे दोन विषय एकमेकांपासून दूर आहेत, असे आजवर मानले जाई. मात्र आपल्या पोटातील जिवाणूंचा पक्षाघाताशी काही संबंध असावा, असे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून दिसू लागले आहे. तो संबंध कसा आहे, हे या पाठात समजून घेऊ.

प्रथम पक्षाघात म्हणजे काय ते पाहू. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली, की मेंदूच्या त्या भागाचा प्राणवायू तुटतो. शरीराची एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, वाचा अडखळते. आपल्या पूर्वजांनी या विकाराला ‘अर्धांगवायू’ म्हटले. शरीरातील वायू बिघडला म्हणजे अंग लुळे पडते, ही त्यामागची कल्पना. आजचे वैद्यक ती मानत नाही. तथापि पोट आणि मेंदू यांचे काही नाते असावे, ही शंका नव्याने डोके वर काढते आहे, हे मौजेचे आहे.

माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, असा एक अंदाज आहे. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा कोंडा, सालपट, तंतू यांवर ते जगतात आणि त्या मोबदल्यात आतड्याच्या अस्तराला पोषक अशी आम्ले तयार करतात. प्रत्येक देशातील माणसांच्या पोटातील ही वस्ती सारखी नसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला’ या जातीचे जिवाणू विशेष विपुल असल्याचे दाखवले.

आता पक्षाघाताकडे वळू. 2016 सालीच न्यूयॉर्कमधील संशोधकांनी काही उंदरांना दोन आठवडे प्रतिजैविके देऊन त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची घडण बदलली. नंतर त्यांच्यात पक्षाघात घडवून आणला. तेव्हा त्यांच्या मेंदूतील इजा इतर उंदरांच्या तुलनेत सुमारे 60 टक्क्यांनी कमी भरली. आतड्यात ‘तयार’ होणाऱ्या काही संरक्षक पेशी मेंदूच्या आवरणापर्यंत जातात आणि तेथे दाह वाढवतात. जिवाणूंची वस्ती बदलली, की या पेशींचे वर्तन बदलते, असा त्याचा उलगडा आहे. यावरून कोणी प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊ लागेल, तर तो मोठा अनर्थ होईल. उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसावरचा उपचार नव्हे.

दुसरी वाट अन्नातून जाते. तांबडे मांस व अंड्याचा बलक यांतील काही घटकांपासून जिवाणू एक वायुरूप द्रव्य तयार करतात. यकृतात त्याचे ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड होते. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या संशोधकांना असे आढळले, की या द्रव्यामुळे रक्तातील प्लेटलेट पेशी अधिक चिकट होतात व गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. परंतु येथे एक गुंता आहे. समुद्रातील मासळीत हेच द्रव्य आयते असते. तरीही मासे खाणाऱ्यांना पक्षाघात अधिक होतो, असे दिसत नाही. तेव्हा कोकणातल्या वाचकांनी इतक्यात ताट बाजूला सारू नये.

तिसरी गोष्ट मिठाची. बर्लिन येथील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले, की उंदरांना फार मीठ दिले असता आतड्यातील लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू घटतात आणि रक्तदाब वाढतो. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे. लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांचा हात आखडता घ्यावा, असे डॉक्टर पूर्वीपासून सांगतातच; त्याला आता आतड्यातूनही पुष्टी मिळते आहे.

हे नाते एकतर्फी नाही. पक्षाघात झाल्यावर रुग्णाच्या आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ होते आणि जिवाणूंची वस्तीही बदलते. मेंदू व आतडे यांना जोडणाऱ्या मज्जातंतूंतून निरोप दोन्ही दिशांनी जात असतात. घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना पोटाच्या या तक्रारी चांगल्या परिचित असतात.

जिवाणू पालटून पक्षाघात बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र आहे, आणि ते लक्षणे दिसल्यापासून सुमारे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते द्यायचे की नाही, हे मेंदूचे चित्र काढल्याखेरीज डॉक्टरांना ठरवता येत नाही. कारण वाहिनी फुटली असेल, तर तेच औषध घातक ठरते. म्हणून तोंड वाकडे झालेले दिसले, हात उचलता येईना, शब्द अडखळू लागले, तर तेल चोळत वा उतारा करत बसू नये. लक्षणे किती वाजता दिसली ते ध्यानात ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मेंदूचे सीटी स्कॅन होऊ शकेल अशा रुग्णालयात रुग्णाला न्यावे.

पाठगत प्रश्न

‘अर्धांगवायू’ या शब्दामागे कोणती कल्पना होती? मासळीच्या उदाहरणाने लेखकाने कोणता गुंता दाखवला आहे? तुमच्या घरापासून सीटी स्कॅनची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोठे आहे व तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, ते शोधून चार-पाच वाक्यांत लिहा.