घरात बंदूक ठेवावी काय?

वाचण्याचे भाग : निर्गम २२:२-३, अनुवाद २२:८, नहेम्या ४:१३-२३.



आपल्या जालना जिल्ह्यात पुष्कळ कुटुंबे गाव सोडून शेतवस्तीवर राहतात. अंबड-घनसावंगीकडे मोसंबीची बाग, भोकरदन-जाफराबादकडे कापूस व मका; घर पत्र्याचे, शेजार अर्ध्या कोसावर, आणि रात्री वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नाही. कापूस विकून पैसा घरी आला, आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीवर चोर आल्याचे कानी पडले, म्हणजे घरधन्याच्या मनात येते की, एक बंदूक असती तर बरे झाले असते. ह्या विचारास आम्ही हसत नाही. त्यास अल्पविश्वासही म्हणत नाही. ज्याच्या पदरी लेकरेबाळे आहेत त्याने त्यांच्या रक्षणाची चिंता वाहणे हे त्याचे कर्तव्यच होय. विचार करावयाचा तो इतकाच की, बंदुकीने ते रक्षण साधते काय, आणि त्याची किंमत घरातील कोण भरतो.

प्रथम शास्त्र पाहू. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात घर फोडताना सापडलेल्या चोराविषयी दोन वचने आहेत. तो रात्री मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष येत नाही. सूर्य उगवल्यावर मारला गेला तर येतो. पुष्कळ जण पहिले वचन वाचून पुस्तक मिटतात. परंतु दोन्ही एकत्र वाचली म्हणजे ध्यानात येते की, चोराच्या प्राणासही देवापुढे मोल आहे. अंधारात आलेला कोण व कशासाठी आला हे कळत नाही, म्हणून घरधन्यास सूट आहे. आपल्या देशाचा कायदा बहुतेक ह्याच वाटेने जातो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ४१व्या कलमात, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडणाऱ्याविरुद्ध मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो असे आहे. मात्र ३७वे कलम त्यास लगाम घालते : रक्षणास जरूर त्याहून अधिक इजा करू नये, आणि सरकारी मदत घेण्यास सवड असेल तेथे हा हक्कच नाही. चोर पाठ फिरवून पळू लागला म्हणजे प्राणभय सरले. त्यानंतर झाडलेल्या गोळीचा जाब कोर्टात द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, “रझाकारांचे दिवस विसरलात काय?” विसरलो नाही. १९४७-४८ साली हा मुलुख निजामाच्या राज्यात असता रझाकारांच्या टोळ्यांनी खेडी लुटली, आणि ज्यांच्या हाती काही नव्हते त्यांनी फार सोसले. बंदुकीच्या बाजूने ह्याहून बळकट दाखला आमच्या जिल्ह्यात नाही, म्हणून तो येथे मांडलाच पाहिजे. परंतु ते संकट राज्यच प्रजेवर उलटल्याचे होते, व सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदी सैन्य आल्यावर ते संपले. कोनाड्यातील एका दुनळीने तेव्हाही टोळी परतली नसती. आजचा चोर निराळा आहे. तो घर निजलेले पाहून येतो व जाग आली की बहुधा पळतो.

आता बंदूक घरी आली असे धरून चालू. ती ठेवावी कोठे? सर्व गोष्ट येथे अडते. कुलपात ठेवावी, काडतुसे निराळ्या कपाटात, किल्ली घरधन्याच्या कमरेला, तर मध्यरात्री कडी वाजल्यावर दिवा लावणे, किल्ली काढणे, नळी भरणे, एवढ्यात चोर आत येतो किंवा निघून जातो. भरून उशाशी ठेवावी, तर ती दिवसाही तेथेच असते : आई शेतात गेलेली, सहा वर्षांचा मुलगा घरात एकटा. चोरासाठी तयार असलेली बंदूक मुलासाठीही तयार असते. ह्या दोहोंमधला मार्ग आम्हांस कोणी दाखविला नाही, आणि बंदूक विकणारा तर ह्याविषयी बोलतच नाही. शिवाय पत्र्याच्या भिंतीस छर्रा अडत नाही. पलीकडच्या खोलीत कोण निजले आहे हे अंधारात झाडणाऱ्यास आठवेल काय? रात्री लघवीस उठून परत येणारा म्हातारा बापही चोरासारखाच दिसतो.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, नवे घर बांधशील तर धाब्यास कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्याचे रक्त तुझ्या घरावर येईल. आपल्याकडे धाब्याची घरे अजून आहेत, म्हणून हे वचन समजण्यास अवघड नाही. घरात जी वस्तू मी आणतो तिच्यापासून होणाऱ्या अपघाताचा मी धनी आहे. जाणत्या व श्रीमंत माणसांनाही हा कठडा साधत नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे प्रसिद्ध नट गोविंदा ह्यांच्या हातून मुंबईतील घरी त्यांचेच परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना पडले व गोळी त्यांच्याच पायात शिरली. घरात चोर नव्हता.

ह्याहून दुःखाची गोष्ट आपल्या मराठवाड्यातील एका घराण्याची आहे. अंबाजोगाईचे प्रमोद महाजन हे देशाचे मंत्री झाले होते. २२ एप्रिल २००६ रोजी मुंबईत त्यांच्या राहत्या घरी धाकटा भाऊ प्रवीण ह्याने आपल्या परवान्याच्या पिस्तुलातून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. प्रवीणास जन्मठेप झाली व २०१० साली तोही निवर्तला. पिस्तूल चोरटे नव्हते. त्याचा परवाना होता. राग तर प्रत्येक घरात येतो. बांधावरून, वाटणीवरून, सुनेच्या बोलण्यावरून येतो व सांजेपर्यंत उतरतो. उतरण्यास त्यास सवड मिळाली पाहिजे, आणि बंदूक ती सवड ठेवीत नाही.

हे एकदोन दाखले झाले. मोजदाद काय सांगते? अमेरिकेतील सिॲटल शहराच्या परगण्यात १९७८ ते १९८३ ह्या काळात, ज्या घरी बंदूक होती त्याच घरात बंदुकीने झालेले ३९८ मृत्यू डॉक्टरांनी तपासले व १९८६ साली प्रसिद्ध केले. त्यांत आत्मरक्षणार्थ झालेले अवघे ९; अपघाती १२; खून ४१; आणि ३३३ माणसांनी स्वतःचाच जीव घेतला होता. ह्या हिशेबावर आक्षेप आहे, व तो रास्त आहे की, जो चोर केवळ बंदूक पाहून पळाला तो ह्यात मोजला जात नाही. तो आक्षेप जमेस धरूनही ३३३ हा आकडा डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेल्या निष्कर्षातही, घरात बंदूक हाताशी असणाऱ्यांत आत्महत्येचा धोका तिपटीहून अधिक व खून होण्याचा सुमारे दुप्पट आढळला.

मराठवाड्यात हा आकडा परका वाटू नये. येथे दर वर्षी शेकडो शेतकरी आपला जीव घेतात, व त्यांच्या घरी बंदुका नसतात हे आम्ही जाणतो. परंतु निराशेची घटका येते व टळते, आणि त्या घटकेस प्राणघातक साधन हाताशी आहे की नाही ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके एकामागून एक बंद केली, तेव्हा तेथील आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या. कर्ज व दुष्काळ तर होतेच. ज्या घरात कोणी अबोल झाला आहे, जेवत नाही, निजत नाही, त्या घरात आणखी एक साधन कोणत्याही कारणाने आणू नये. उपदेशक बंधूंनी अशा घरी जाऊन बसावे, आणि १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मंडळीत सर्वांस लिहून द्यावा. तेथे मराठीत बोलता येते व पैसे पडत नाहीत.

परवान्याविषयी थोडक्यात सांगतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे तो जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल घेऊन देतात. २०१६च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचे शिक्षण व सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. निवडणुकीच्या दिवसांत बहुतेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, म्हणजे त्या आठवड्यांत ती रक्षणास नसतेच. स्वस्तात मिळणारा गावठी कट्टा तर हातातच फुटतो, आणि विनापरवाना शस्त्रास २०१९च्या दुरुस्तीपासून दोन ते पाच वर्षे कैद आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात, डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांचा खून झाल्यावर, हजारावर परवान्यांचा विषय राज्यभर निघाला व अनेक रद्द करण्यात आले. एकाने कमरेला पिस्तूल लावले की दुसऱ्यास तेच हवे होते, आणि गावात कोणीही अधिक निर्भय होत नाही.

मग वस्तीवरल्याने काय करावे? नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधताना कुळाकुळाने पहारा लावला आणि ठरविले की, कर्णा ऐकताच सर्वांनी तिकडे धावावे. शस्त्रे त्यांच्याजवळ होती, हे आम्ही लपवीत नाही. पण त्यांचा भरवसा एका घराच्या भाल्यावर नव्हता, कर्ण्यावर होता. आज कर्णा म्हणजे फोन. चारपाच वस्त्यांनी एकमेकांचे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे, ११२ त्यांत असावा. ग्राम सुरक्षा दल पुष्कळ गावी कागदावर आहे. ते रात्री रस्त्यावर आणण्याची खटपट तरुणांनी ठाणेदारांकडे जाऊन करावी. दारास आतून जाड अडसर, अंगणात सौर दिवा, आणि दोन कुत्री. कुत्रा तर परवान्यावाचून भुंकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालाचा पैसा रात्रभर घरी ठेवू नये. होता होईल तो व्यापाऱ्याकडून खात्यावरच घ्यावा, व तसे घेतो हे चारचौघांत बोलूनही दाखवावे.

रानडुकरे व रोही ह्यांच्यासाठी बंदूक मागणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आहे, परंतु वनखात्याच्या परवानगीवाचून ह्या जनावरांवर ती झाडता येत नाही.

राहता राहिली ती वाडवडिलांची बंदूक. काही घरी आजोबांची जुनी दुनळी तुळईवर असते. परवाना त्यांच्या नावाचा, व ते तर प्रभूत निजले. ती तशीच ठेवणे हा गुन्हा आहे, मग काडतुसे असोत वा नसोत. वारसाने विलंब न लावता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती घ्यावी. जमा करण्यास जाताना मृत्यूचा दाखला व जुना परवाना बरोबर न्यावा, आणि शक्य तर मंडळीतील एक वडील सोबत असावा. नेण्यापूर्वी ठाण्यात कळवून, ती नळी भरलेली आहे की नाही हे जाणत्या माणसाकडूनच पाहून घ्यावे. मुलांना तेव्हा घराबाहेर पाठवावे.