पट्टा कोणासाठी?

पाठपरिचय : मोटारीत बसल्यावर सीट बेल्ट म्हणजे सुरक्षा-पट्टा लावावा, असा कायदा आज बहुतेक देशांत आहे. परंतु हा कायदा सहजासहजी झाला नाही. ‘माझ्या जिवाची काळजी सरकारने का करावी?’ असा प्रश्न अनेक देशांतील लोकांनी विचारला. त्या वादाची हकिकत या पाठात सांगितली आहे. स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांचा संबंध काय, याचा विचार पाठ वाचताना करा.

धावत्या बसने एकदम ब्रेक लावला, की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात. हा अनुभव तुम्ही अनेकदा घेतला असेल. बस थांबते, पण प्रवाशांचे शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. विज्ञानाच्या पुस्तकात या गुणधर्माला जडत्व म्हणतात. मोटार कशावर आदळली, तरी हेच घडते. मात्र तेथे सावरायला वेळ मिळत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार भिंतीवर आदळली, तर आतला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तीन मजली घराच्या गच्चीवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याचा वेग एवढाच असतो. अशा वेळी हातांनी स्वतःला सावरणे कोणालाही शक्य नाही.

सीट बेल्ट हेच काम करतो. पूर्वी मोटारींत फक्त कमरेवरून जाणारे पट्टे असत. त्यामुळे कंबर जागेवर राही, पण छाती व डोके पुढे आदळत असे. नील्स बोलिन या स्वीडनमधील अभियंत्याने या अडचणीवर उपाय शोधला. पूर्वी तो विमानांच्या कारखान्यात वैमानिकांच्या आसनांवर काम करीत असे. पुढे तो व्होल्व्हो या मोटार कंपनीत आला. कंबर आणि छाती या दोन्हींवरून जाणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा त्याने तयार केला. १९५९ साली तो मोटारींत बसवण्यात आला. कंपनीने या शोधाचे पेटंट घेतले, पण इतर कंपन्यांनाही तो मोफत वापरू दिला. आज जगभर मोटारींत दिसतो तो हाच पट्टा.

पट्टा मिळाला, पण तो लावणार कोण? पट्टा लावल्याने कपडे चुरगळतात, अडकून पडल्यासारखे वाटते, जवळच तर जायचे आहे, अशी कारणे लोक सांगत. तेव्हा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया या राज्याने डिसेंबर १९७० मध्ये पट्टा लावणे सक्तीचे केले. असा कायदा करणारे ते जगातील पहिले राज्य होय.

अमेरिकेत वेगळाच प्रयोग झाला. पुढच्या आसनावरील लोकांनी पट्टा लावल्याशिवाय मोटार सुरूच होणार नाही, अशी यंत्रणा १९७४ सालच्या नव्या मोटारींत बसवण्यात आली. आसनावर सामानाची पिशवी ठेवली, तरी यंत्र तिला माणूस समजे आणि मोटार सुरू होत नसे! लोक संतापले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने ही सक्ती रद्द केली. चांगली गोष्टही चुकीच्या पद्धतीने लादली, तर लोक ती स्वीकारत नाहीत, हे या प्रसंगावरून दिसून आले.

ब्रिटनमध्ये हा वाद अनेक वर्षे चालला. सरकारने प्रथम जाहिराती करून लोकांना पट्ट्याचे महत्त्व सांगितले. तरीही दहापैकी सुमारे चारच जण पट्टा लावीत. सक्तीचा कायदा करण्याचे प्रयत्न झाले, पण ते संसदेत पुन्हा पुन्हा फसले. विरोध करणारे लोक बेजबाबदार नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते : ‘पट्टा चांगला आहे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु माझा जीव माझा आहे. मी पट्टा लावला नाही, तर इजा मला होईल. मग सरकारने मला शिक्षा का करावी? आज पट्ट्याची सक्ती होईल, उद्या मी काय खावे, डोंगर चढावा की नाही, हेही सरकार ठरवील.’

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने या प्रश्नाचा विचार मोटारींच्याही आधी केला होता. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन लिबर्टी’ या त्याच्या पुस्तकात एका मोडक्या पुलाचे उदाहरण आहे. एक माणूस त्या पुलावर पाऊल टाकणार आहे. पूल धोक्याचा आहे हे त्याला माहीत नाही आणि सांगायला वेळही नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढले, तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही. कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नव्हती. पण संकट नक्की येणार नसेल, फक्त येण्याची शक्यता असेल आणि त्या माणसाला ते समजत असेल, तर त्याला सावध करावे. जबरदस्ती करू नये, असे मिल म्हणतो. दुसऱ्याला इजा होत असेल, तेव्हा मात्र समाजाने अडवावे, असे त्याचे मत होते.

म्हणजे मिलच्या विचाराने पाहिले, तर खरा प्रश्न असा उरतो : पट्टा न लावणाऱ्या माणसामुळे दुसऱ्याला इजा होते काय?

याचे उत्तर मोटारीच्या आतच सापडते. मागच्या आसनावरील माणसाने पट्टा लावला नसेल, तर टक्कर होताच तो पुढच्या माणसावर आदळतो. पुढच्याने पट्टा लावला असला, तरी त्याच्या जिवावर बेतू शकते. चालक आसनावरून बाजूला फेकला गेला, तर त्याचा गाडीवरील ताबा सुटतो आणि रस्त्यावरील निरपराध माणसे संकटात सापडतात. याशिवाय जखमी माणसाला रस्त्यावरून उचलणारे, रुग्णालयात त्याच्यासाठी धावपळ करणारे आणि घरी त्याची वाट पाहणारे लोक असतातच. ‘फक्त माझाच जीव’ असे आपण म्हणतो, पण तो जीव अनेकांशी बांधलेला असतो.

‘मोटार पेटली किंवा पाण्यात पडली, तर पट्ट्यामुळे आम्ही आत अडकू,’ अशी भीतीही काही जण सांगत. असे अपघात फार थोडे होतात. शिवाय अशा अपघातात जो शुद्धीवर असतो, त्यालाच दार उघडून बाहेर पडता येते. डोके आदळू न देता माणसाला शुद्धीवर ठेवण्याचे काम पट्टाच करतो.

अखेर ३१ जानेवारी १९८३ पासून ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांवरील लोकांना पट्टा लावणे सक्तीचे झाले. पण संसदेने एक शहाणपणाची गोष्ट केली. हा कायदा तिने प्रथम फक्त तीन वर्षांसाठी केला. ज्यांना आजारामुळे पट्टा लावता येत नाही, त्यांना डॉक्टरांच्या दाखल्यावर सूट दिली. गाडी मागे घेणाऱ्या चालकालाही सूट मिळाली. कायदा लागू होताच दहापैकी नऊ जण पट्टा लावू लागले. तीन वर्षांनंतर, १९८६ साली, संसदेने अनुभव तपासला आणि कायदा कायम केला. हा कायदा जणू परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला.

सर्वांनीच हा मार्ग पत्करला असे नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर या राज्यात प्रौढ माणसांवर पट्ट्याची सक्ती आजही नाही. ‘स्वतंत्र जगा, नाहीतर मरा,’ अशा अर्थाचे त्या राज्याचे ब्रीदवाक्य आहे. परंतु १८ वर्षांखालील मुलांना पट्टा लावलाच पाहिजे, असा नियम त्याही राज्यात आहे. स्वतःच्या जिवाचा धोका पत्करणे निराळे आणि मुलांचा जीव धोक्यात घालणे निराळे, हा फरक स्वातंत्र्यप्रेमी लोकांनाही मान्य आहे.

आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ साली झाला आणि त्याचे केंद्रीय नियम १९८९ साली आले. त्या नियमांप्रमाणे चालक आणि पुढे बसणारा यांच्याबरोबरच, पुढे तोंड करून मागच्या आसनावर बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न लावणाऱ्याला १००० रुपये दंडाची तरतूद झाली. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा लावलेला नसेल, तर तीही शिक्षेस पात्र अशी चूक ठरली. तरी मागच्या आसनावरील पट्ट्याकडे लोक डोळेझाक करीत राहिले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या आसनावरील पट्ट्याची चर्चा देशभर सुरू झाली.

आपल्या संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य या दोन्हींचे रक्षण एकत्रच सांगितले आहे. दोन्ही सारखीच मोलाची आहेत. म्हणून स्वातंत्र्यावर बंधन घालणारा प्रत्येक कायदा आपण पारखून घ्यावा. बंधन लहान आहे का? त्याचा फायदा मोठा आहे का? आधी समजावून पाहिले का? ज्याची खरी अडचण आहे, त्याला सूट आहे का? कायदा सर्वांना सारखा आहे का? मोकळ्या रस्त्यावर एकट्याने जाणाऱ्या माणसालाही पट्टा लावावा लागतो, तेव्हा त्याचे थोडे स्वातंत्र्य कमी होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण या कसोट्यांवर पट्ट्याचा कायदा उतरतो. दुसरा एखादा कायदा उतरेलच असे नाही. तेव्हा त्याला प्रश्न विचारणे हेही नागरिकाचे कर्तव्यच आहे.

पोलीस दिसला की पट्टा लावणे ही भीती झाली. पोलीस नसतानाही, शेजारी बसलेल्या माणसाचा विचार करून पट्टा लावणे ही जबाबदारी होय. जबाबदारी अंगवळणी पडली, की कायद्याचे ओझे वाटत नाही.

शब्दार्थ
सक्ती – जबरदस्ती. इजा – दुखापत. घाला – हल्ला. निरपराध – ज्याचा काही गुन्हा नाही असा. ताबा – काबू. प्रौढ – वयाने मोठा. ब्रीदवाक्य – बोधवाक्य. तरतूद – आधी करून ठेवलेली व्यवस्था. कसोटी – परीक्षा. व्यक्तिस्वातंत्र्य – प्रत्येक माणसाची आझादी.

वाक्प्रचार
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे. डोळेझाक करणे – मुद्दाम दुर्लक्ष करणे. अंगवळणी पडणे – सवय होणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नील्स बोलिन पूर्वी कोणते काम करीत असे?
(आ) पट्ट्याची सक्ती प्रथम कोणत्या राज्याने केली?
(इ) न्यू हॅम्पशायरमध्ये पट्ट्याची सक्ती कोणावर आहे?

२. कारणे सांगा.
(अ) फक्त कमरेचा पट्टा पुरेसा नव्हता.
(आ) अमेरिकेतील लोक १९७४ च्या यंत्रणेवर संतापले.
(इ) मागच्या आसनावरील माणसाने पट्टा न लावणे इतरांना धोक्याचे असते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मिलने दिलेले पुलाचे उदाहरण तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) ब्रिटनच्या संसदेने ‘शहाणपणाची गोष्ट’ केली, असे लेखक का म्हणतात?

४. वरील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

५. भाषाभ्यास : ‘कायदा’ हा शब्द उर्दूतही आहे. उर्दूत त्याचा अर्थ ‘नियम’ किंवा ‘मुळाक्षरांचे पहिले पुस्तक’ असा होतो. मराठीत त्याचा अर्थ ‘कानून’ असा होतो. हक्क, सक्ती, रस्ता, इजा हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. त्यांच्या अर्थांत काही फरक आहे का, ते शिक्षकांना विचारून लिहा.

६. उपक्रम : ‘दुचाकीवर हेल्मेटची सक्ती असावी की नसावी?’ या विषयावर वर्गात दोन गट करून मराठीत चर्चा करा. पाठातील पाच कसोट्या वापरा.