घट्ट टायर : काढणे आणि चढवणे



टायर रिमवर बसत नसेल तर आधी त्याच्या बाजूवरचे आकडे वाचावेत. ३७-६२२ यात ३७ ही टायरची रुंदी. ६२२ हा टायरची कड रिमवर जिथे टेकते तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. इंचांवर विसंबू नये. जुन्या काळ्या सायकलचा २८ × १½ टायर ६३५ चा असतो, तर हायब्रिड सायकलचा टायर ‘२८ इंची’ म्हणवूनही ६२२ चा. हा १३ मिलिमीटरचा फरक मनगटाच्या जोराने भरून निघत नाही.

कडेत पोलादी तार किंवा केवलारचा धागा असतो. न ताणणे हेच त्याचे काम. एरवी हवा भरताच टायर रिमवरून निसटला असता. म्हणून ढील शोधायची ती रिममध्ये. रिमच्या मधोमध खोलगट खाच असते. एका बाजूची कड त्या खाचेत उतरली की समोरच्या बाजूला ढील मिळते. ती काही मिलिमीटरचीच, पण सगळे काम तिच्यावर चालते. व्हॉल्व्हपाशी मात्र व्हॉल्व्हचा बुंधा आडवा येतो, कड खाचेत उतरत नाही. त्यामुळे टायर काढण्याची सुरुवात आणि चढवण्याचा शेवट, दोन्ही व्हॉल्व्हजवळ. पुष्कळ जण नेमके उलट करतात आणि टायरला नावे ठेवतात.

काढताना सगळी हवा सोडावी आणि दोन्ही कडा अंगठ्यांनी दाबून पूर्ण घेराभर खाचेत ढकलाव्यात. ट्यूबलेस रिमवर कड चिकटून बसते, तिथे जोर जास्त लागतो. मग व्हॉल्व्हजवळ प्लास्टिकचा लिव्हर घालावा, थोड्या अंतरावर दुसरा. स्क्रूड्रायव्हर ट्यूब फाडतो, रिमही खरवडतो.

चढवताना एक कड पूर्ण बसवून, जेमतेम गोल होईल इतकीच हवा भरलेली ट्यूब आत घालावी. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून दोन्ही हातांनी सारत आणावी. शेवटचा वीतभर भाग अडतोच. तिथे लिव्हर उचलू नये. कड आणि लिव्हर यांच्यात चिमटून नवी ट्यूब पंक्चर होते. ट्यूबमधली हवा सोडावी, समोरून सुरुवात करून टायर चिमटीत दाबत कड पुन्हा खाचेत उतरवत यावे, आणि उरलेला भाग तळहाताने लोटावा. साबणाचे पाणी लावले तर कड घसरते. तरीही अडले तर रिम टेप तपासावी : जाड किंवा दुहेरी टेपने खाच भरते आणि ढील संपते.

शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून पुन्हा ओढावा आणि कडेखाली ट्यूब अडकलेली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. थोडी हवा भरून चाक फिरवावे. टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे ती आत बुडाली असेल तर हवा सोडून तेवढा भाग ओला करून ओढावा, मगच टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा भरावी.

— मामा