फोन नसलेल्या घरी शाळा कशी पोहोचली?

प्रश्न : अतिवृष्टीचा इशारा आला की शाळेला सुट्टी जाहीर होते आणि आमच्या हाती येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक निरोप. करोनात तर शाळा कितीतरी महिने बंद होत्या. ज्या घरी स्मार्टफोनच नव्हता, तिथल्या मुलांशी शाळांनी संबंध ठेवला तरी कसा?
– एक पालक, समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : राज्याची पहिली धाव मोबाइलकडेच होती. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्यावर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजच्या अभ्यासाच्या लिंक पालकांच्या ग्रुपवर येऊ लागल्या. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. पण तुम्ही विचारलेल्या घरासाठी खरा प्रयत्न आपल्याच नागपूर विभागात झाला, तो म्हणजे ‘शाळेबाहेरची शाळा’ हा रेडिओ कार्यक्रम. नागपूरचे विभागीय आयुक्त कार्यालय, जिल्हा परिषदा, ‘प्रथम’ ही संस्था आणि आकाशवाणीचे नागपूर केंद्र यांनी मिळून तो चालवला. विभागातल्या सहा जिल्ह्यांत वर्धाही होता.

रेडिओवरून तासभर धडा वाचून दाखवला, तर सात वर्षांचं पोर दहाव्या मिनिटाला अंगणात पळतं. म्हणून अशा कार्यक्रमात ऐकण्यापेक्षा करण्यावर भर लागतो. डब्यातली तूर आणि हरभरा वेगळा करायचा, मूठमूठ मोजायचा, कोणाचे दाणे जास्त ते आईला सांगायचं. यासाठी आई शिकलेली असलीच पाहिजे असं नाही, ती शेजारी बसली की पुरे. करोनाकाळात ‘प्रथम’ने असे छोटे उपक्रम साध्या एसएमएसवरही पाठवले, म्हणजे बटणांच्या फोनवरही ते वाचता येत.

एक अडचण मात्र खरी होती. नागपूर ‘अ’ केंद्र मध्यम लहरींवर आहे आणि मोबाइलमधला रेडिओ फक्त एफएम पकडतो. ज्या घरातला जुना रेडिओ केव्हाच भंगारात गेला होता, तिथे बटणांचा फोन असूनही कार्यक्रम ऐकू येत नव्हता. तिथे पोहोचायला माणूसच लागला. पाठ्यपुस्तकं द्यायला, पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य वाटायला शिक्षकांची आणि पालकांची गाठ पडत होती. त्या रांगेत ‘पोरगं काय करतंय?’ एवढं विचारलं गेलं, तरी शाळेचा धागा तुटला नाही. कुठे समाजमंदिरात, कुठे झाडाखाली चार-पाच मुलांना अंतर राखून बसवलं, कुठे गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी लहानांना जवळ घेतलं. सोलापूरच्या नीलमनगरात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच पाठ रंगवले.

माझं स्पष्ट मत आहे की या काळात फोनपेक्षा ओळखीच्या माणसाने मुलाला अधिक सावरलं. लिंक पाठवून ग्रुपवर अंगठा पाहणं याला मी संपर्क म्हणणार नाही. मूल काय शिकलं, हे विचारणारं कोणी असेल तरच रेडिओ उपयोगी, टीव्ही उपयोगी, मोबाइलही उपयोगी. आणि हे वर्ध्याला नवं नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यातून उभी राहिलेली नई तालीम सेवाग्रामात सूतकताई, शेती, सफाई, स्वयंपाक यांतून शिकवत होती. कपाशीच्या ओळी मोजणं, विहिरीच्या पाण्याची पातळी रोज लिहून ठेवणं हा अभ्यास शाळा बंद असली तरी चालतो.

तरी झालेलं नुकसान झाकू नये. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 ला उघडले. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा रीतसर बसलं, तेव्हा ते दुसरीत होतं. त्याआधी जुलै 2021 पासून 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला, पण तोही अनेकांनी घरूनच केला. अक्षरओळखीचं वय असं निघून गेलं, की नंतर ते भरून काढायला शिक्षकाला एकेका मुलाजवळ बसावं लागतं.

तुमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत एवढं मागा : कोणत्या घरी स्मार्टफोन नाही, कोणत्या घरी रेडिओ आहे, कोणतं कुटुंब कामासाठी बाहेरगावी जातं याची यादी आणि त्या प्रत्येक मुलामागे एका शिक्षकाचं किंवा गावातल्या तरुणाचं नाव. पाऊस सुरू होण्याआधी ही यादी तयार करून घ्या.