जुन्या ऑफिस पीसीला ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यावं?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी सेकंडहँड घेतलेला ब्रँडेड ऑफिस पीसी आहे. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, हार्ड डिस्क आणि साधा फुल एचडी मॉनिटर. व्हॅलोरंट कसाबसा चालतो, जीटीए फाइव्ह अडखळतो आणि सायबरपंक २०७७ खेळायची फार इच्छा आहे. सुट्टीत काम करून वीस हजार रुपये साठवलेत. दुकानदार म्हणतो, ४ जीबीचं नवं कार्ड पाच हजारांत देतो. मित्र म्हणतो, ८ जीबीचं जुनं आरएक्स ५८० घे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. पैसे खिशातच ठेवा आणि आधी पीसीचं झाकण उघडा. आत कोपऱ्यात पत्र्याचा जो डबा दिसेल, तो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. त्याच्यावरचं लेबल वाचा. अशा ऑफिस पीसींमध्ये तो बहुधा १८० ते ३०० वॉटचा असतो आणि ग्राफिक्स कार्डाला जोडायची सहा किंवा आठ पिनांची वायर त्यातून निघतच नाही. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, ती खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकते. कार्डाला त्याहून जास्त वीज लागत असेल तर वेगळी वायर हवीच. आरएक्स ५८० हे २०१७ सालचं कार्ड १८५ वॉट मागतं. मित्राचा सल्ला इथेच बाद होतो.

कोणी म्हणेल, एसएमपीएस बदलून टाका. पण ब्रँडेड पीसीत अनेकदा मदरबोर्डाची पॉवरची पिन कंपनीची स्वतःची असते आणि बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस तिथे लागत नाही. आणखी एक उपाय दुकानात हमखास सुचवला जातो : हार्ड डिस्कच्या साटा वायरीतून सहा पिनी काढून देणारा जोड. तो कृपा करून घेऊ नका. साटाच्या एका कनेक्टरमधून बारा व्होल्टवर ५४ वॉटच्या आसपासच वीज घ्यायची असते. त्यापलीकडे ओढली की प्लास्टिक वितळतं. घरात आग लागण्याइतका हा प्रश्न गंभीर आहे.

आता दुकानदाराचं ४ जीबी. पाच हजारांत ‘४ जीबी’ म्हणून जे नवं कार्ड विकलं जातं ते बहुतेक वेळा जीटी ७३० असतं. ही २०१४ सालची चिप. खोक्यावर ४ जीबी ठळक छापलेलं असतं, मेमरी कोणत्या जातीची आहे ते मात्र बारीक अक्षरात. ती डीडीआर३ असेल तर चिप आणि मेमरी यांच्यात सेकंदाला ३० जीबीसुद्धा ये-जा होत नाही. मी खाली ज्या कार्डाची शिफारस करणार आहे, त्यात हाच आकडा १६८ जीबी आहे. टाकी केवढी आहे ते सगळे विचारतात, नळ किती जाड आहे ते कोणी विचारत नाही. जीटी ७३० ची टाकी तर भरायची वेळच येत नाही, कारण कार्डाची चिप त्याआधीच दमते. तुमच्या पाच हजारांचं तिथे काहीच होणार नाही.

कार्डाला काम किती करायचंय, तेही पाहू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. खेळ गुळगुळीत वाटायला सेकंदाला ६० चित्रं हवीत, म्हणजे एकेका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तुमचा मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा असेल, तर त्याहून जास्त चित्रं काढणाऱ्या कार्डाचे पैसे पडद्यावर दिसणारच नाहीत. बजेट कमी असताना ही फार सोयीची गोष्ट आहे : मॉनिटर तुमची गरज आधीच ठरवून देतो.

७५ वॉटच्या आत, वेगळ्या वायरीशिवाय चालणारी कार्डं मोजकीच आहेत. जीटीएक्स १०५० टीआय स्वस्तात मिळेल, पण ते २०१६ सालचं आहे आणि एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणं २०२५ च्या ऑक्टोबरात थांबवलं. आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. एएमडीचं आरएक्स ६४०० जेमतेम ५३ वॉटवर चालतं. कागदावर छान, पण ते मदरबोर्डाशी फक्त चार लेननी (माहितीच्या वाटांनी) बोलतं. नव्या पीसीत ते खपून जातं. तुमच्या बोर्डाची खाच मात्र जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० ची, त्यामुळे वेग निम्मा होतो. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल त्या अरुंद वाटेने रॅममधून आणावा लागतो आणि खेळ झटके खातो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा असेल तर सगळा भार प्रोसेसरवर.

राहिली दोन : २०१९ चं जीटीएक्स १६५० आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप. माझं मत स्पष्ट आहे, ३०५० घ्या. ते ७० वॉटवर चालतं, १६५० पेक्षा ठळकपणे वेगवान आहे, मेमरी ४ ऐवजी ६ जीबी, आणि त्यात डीएलएसएस चालतं. डीएलएसएसमध्ये कार्ड चित्र लहान काढतं आणि शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क ते मोठं करतं. फुल एचडीवर ‘क्वालिटी’ निवडलंत तर कार्ड प्रत्यक्षात १२८० गुणिले ७२० एवढंच चित्र रंगवतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी ठिपके. कमी ताकदीच्या कार्डाला हा फार मोठा आधार आहे. डूम : द डार्क एजेससारखे काही नवे खेळ तर रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाहीत. १६५० मध्ये ती सोय नाही.

एक फसगत मात्र टाळा. आरटीएक्स ३०५० याच नावाचं ८ जीबीचं जुनं कार्डही बाजारात आहे. चिप जास्त ताकदीची, पण १३० वॉट खातं आणि वेगळी वायर मागतं. तुम्हाला ६ जीबीचंच हवं, आणि तेही कडेला पॉवरची पिन नसलेलं. फोटो झूम करून पाहा. तुमचा कॅबिनेट चपटा, बारक्या आकाराचा असेल तर ‘लो प्रोफाइल’ पट्टीचं मॉडेल मागा. पूर्ण उंचीचं कार्ड त्यात बसणारच नाही.

आता सायबरपंकचं. या खेळाच्या किमान अपेक्षांत प्रोसेसर आय-सेव्हन ६७००, रॅम १२ जीबी आणि एसएसडीवर ७० जीबी जागा लिहिलेली आहे. तीही लो सेटिंगवर सेकंदाला ३० चित्रांसाठी. तुमचा आय-फाइव्ह त्याच्या खाली आहे. म्हणजे वीसच्या वीस हजार कार्डात घातलेत तरी नाईट सिटी या खेळातल्या शहराच्या गर्दीत गाडी चालवताना खेळ अडखळेलच आणि तुम्ही उगाच कार्डाला दोष द्याल. म्हणून खर्चाचा क्रम मी उलटा लावीन. आधी आहे तशीच दुसरी ८ जीबीची पट्टी. रॅम दोन पट्ट्यांत विभागली की प्रोसेसरला माहिती दुहेरी वाटेने मिळते, व्हॅलोरंटलासुद्धा फरक जाणवेल. बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर३ चा, ते आधी बघून घ्या. मग एसएसडी, कारण हार्ड डिस्कवरचा सायबरपंक रस्ते आणि इमारती वेळेवर उचलूच शकत नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यामुळे रॅमचे आणि एसएसडीचे भाव चढलेत, तेव्हा या दोन्ही गोष्टी सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. कार्डासाठी उरलेल्या पैशांत ३०५० बसत नसेल तर पिन नसलेलं सेकंडहँड १६५० घ्या, पण रॅम आणि एसएसडी सोडू नका. पुढे पैसे साठले की आय-सेव्हन ६७०० शोधा. सॉकेट तोच, वीजही तीच ६५ वॉट, आणि चारच्या जागी आठ थ्रेड मिळतात.

जुनं कार्ड घेताना ते डोळ्यांसमोर चालवून बघा. इथेरियमचं मायनिंग २०२२ च्या सप्टेंबरात बंद झालं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. त्यांतली सगळीच खराब नसतात. पंखे आणि थर्मल पेस्ट मात्र झिजलेली असतात. दुकानात जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम चालवा. चिपचं नाव, मेमरीची जात, शेडरची (चिपमधल्या गणन घटकांची) संख्या सगळं तो दाखवतो, आणि खोट्या नावाने विकलेली बरीच एनव्हिडिया कार्डं ओळखून तसा शिक्काही मारतो. आरएक्स ५८० घेणाऱ्या इतर वाचकांनी शेडर २३०४ आहेत ना ते मोजावं. २०४८ दिसले तर ते नावापुरतंच ५८० आहे. मग अर्धा तास एखादा जड खेळ चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन उमटले किंवा पंखा खरखरला तर उठून बाहेर पडा.

ज्या वाचकांचा पीसी असेंबल केलेला आहे, एसएमपीएस नावाजलेला साडेचारशे-पाचशे वॉटचा आहे, त्यांना मात्र या ७५ वॉटच्या कुंपणात राहायचं कारण नाही. त्यांनी याच पैशांत आरएक्स ६६०० शोधावं : ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, आणि फुल एचडीला ३०५० पेक्षा खूप पुढे. इंटेलची आर्क कार्डं स्वस्त दिसली तरी ती रिसायझेबल बार ही सोय असलेल्या नव्या बोर्डावरच खुलतात. सहाव्या पिढीच्या पीसीला ती घेऊ नका.

खरेदी बार्शीत करा, पुण्यात करा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बिल मागाच. बिलाशिवाय हजार रुपये कमी करतो म्हणणाऱ्याकडे वॉरंटीच्या वेळी तुमचं काहीच चालत नाही. नवं कार्ड असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक आणि कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि तो नंबर खोक्यावर, कार्डावर आणि बिलावर एकच आहे हे दुकानातच ताडून पाहा.