समुद्रकाठची वाळूची टेकडी : सहलीपूर्वी घ्यावयाचा पाठ

नागापूरच्या मुलाला वाळू नवी नाही. सीनेच्या पात्रात त्याने ती पाहिलेली असते आणि औद्योगिक वसाहतीत बांधकामांशेजारी तिचे ढीग येता-जाता त्याच्या दृष्टीस पडतात. परंतु ही ओळखच समुद्रकाठी त्याची दिशाभूल करते. वाळू म्हणजे उपसून आणावयाची, चाळावयाची आणि सिमेंटात कालवावयाची निर्जीव वस्तू, अशी त्याची समजूत झालेली असते. भूगोलाच्या पुस्तकातही वालुकागिरींचे वर्णन बहुधा वाळवंटाच्या प्रकरणात येते. म्हणून ते राजस्थानात असतात, एवढेच त्याच्या ध्यानी राहते. कोकणच्या पुळणीमागे वेलींनी झाकलेली, चार-सहा हात उंचीची टेकडी दिसली, तर घसरगुंडी समजून तो तिच्यावर धावत सुटतो. सहल निघण्यापूर्वी हा पाठ वर्गात घ्यावयाचा, तो याचसाठी.

प्रारंभी एक सोपा प्रयोग करावा. मोठ्या परातीत कोरडी, बारीक वाळू पसरून तिच्या एका भागात काड्या दाटीने रोवाव्यात. मग एकाच बाजूने पंख्याचा वारा घालावा. कण लहान लहान उड्या घेत पुढे सरकतात आणि काड्यांपाशी वाऱ्याचा जोर मंदावताच खाली बसतात. थोड्याच वेळात तेथे उंचवटा दिसू लागतो. समुद्रकाठी हेच घडते. वारा ताशी सुमारे 20 किलोमीटरच्या पुढे गेला, की पुळणीवरील कोरडी वाळू उडू लागते. तिला अडविणाऱ्या काड्या तेथे नसतात. ते काम वनस्पती करतात.

त्यांतील मर्यादवेल विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी. तिचे पान आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले आणि फूल जांभळट गुलाबी, नरसाळ्याच्या आकाराचे असते. भरतीचे पाणी सहसा जेथवर येते, तेथून पुढे ही वेल पसरते. समुद्राची मर्यादा दाखविणारी म्हणून तिचे हे नाव किती अन्वर्थक आहे! वाळूखाली गाडली गेली तरी ती मरत नाही. पेरापेरांतून नवी मुळे सोडून ती पुन्हा वर येते, पुन्हा वाळू अडविते, आणि वेलीबरोबर टेकडीही वाढते. तिच्या जोडीला काटेरी पात्यांचे एक गवतही असते. त्याच्या बियांचे गोळे वाऱ्याबरोबर पुळणीवर गडगडत जातात. तमिळ भाषेत त्या गवताला रावणाच्या मिशा म्हणतात, हे ऐकून मुलांना मौज वाटेल.

या टेकडीचा उपयोग काय, हे नगर जिल्ह्यातील मुलास पेवाच्या उदाहरणाने चटकन उमगेल. सुगीत पेव भरावयाचे आणि अडचणीच्या दिवसांत उघडावयाचे, ही जुनी रीत. पावसाळ्यात उसळलेल्या लाटा टेकडीचा पायथा खातात व ती वाळू उथळ पाण्यात नेऊन टाकतात. तेथे तिचा बांध होऊन मागाहून येणाऱ्या लाटांचा जोर मोडतो. समुद्र शांत झाला, की लाटाच ती वाळू हळूहळू पुळणीवर आणतात आणि वारा टेकडी पुन्हा भरून काढतो. शिवाय टेकडीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर साचून राहते. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहराने 1853 पासून आपले पिण्याचे पाणी अशाच टेकड्यांतून आणले.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे कार्य आरंभिले. मादी रात्री भरतीरेषेच्या वर येऊन वाळूत खड्डा करते व शंभराच्या आसपास अंडी घालते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. त्यांना समुद्राची वाट कोण दाखविते? मागील टेकडीचा काळोखा उंचवटा टाळून ती उजळ, सखल क्षितिजाकडे धावतात. टेकडी सपाट झाली आणि मागील घरांचे दिवे दिसू लागले, तर पिले उलट दिशेस भरकटतात.

टेकडीच्या जागी सुरूचे बन लावले म्हणजे काम भागले, असा समज पुष्कळ आढळतो. तो पुरता खरा नाही. सुरू हे ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाकडील झाड. त्याच्या सुयांसारख्या पाल्याचा थर साचला, की खाली वेली फारशा वाढत नाहीत. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे सुरूची पुष्कळ झाडे उन्मळून पडली. किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना 1991 मध्ये निघाली. 2019 च्या अधिसूचनेतही वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात आहेत. परंतु कायदा पावलांना आवरीत नाही. चाळीस मुलांची ऐंशी पावले एकाच उतारावरून चार वेळा गेली, तरी वेल चिरडते. उघड्या पडलेल्या जागेतून वारा वाळू उपसतो, तेथे खिंड पडते आणि वादळाच्या दिवशी पाणी त्याच खिंडीतून आत शिरते. परदेशांतील कित्येक राष्ट्रीय उद्यानांत याकरिता लाकडी फळ्यांची पायवाट केलेली असते.

आपल्याकडे तशी सोय नसेल तेथे शिक्षकाने गावकऱ्यांच्या रुळलेल्या वाटेनेच, एकामागे एक, मुलांना न्यावे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा विचारून ओहोटीची वेळ निवडावी. पाण्याच्या कडेपासून टेकडीपर्यंत पावले मोजावीत. पहिली वेल कितव्या पावलाला दिसली, ते प्रत्येकाने वहीत टिपावे. वेल तोडून आणू नये. पानाचे चित्र जागेवरच काढावे.