आजोबांच्या नावावरचा उतारा आणि म्हातारपणाचा पैसा

खानापूर तालुक्यात नंदगडपासून जांबोटीपर्यंत कितीतरी घरांत उतारा अजून आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा जाऊन पंचवीस-तीस वर्षे झाली. वारस तीन पिढ्यांचे. कुणी गोव्यात, कुणी पुण्यात, एखादा कॅनडात. कर्ज काढायचे किंवा गुंठाभर जागा विकायची म्हटली की सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या. पैसा खरा तिथे जातो. वेळेवर केलेला कागद त्यामानाने फारच स्वस्त पडतो.

सगळ्यांत स्वस्त मृत्युपत्र. त्याला मुद्रांक शुल्क नाही, साधा कागद चालतो, मराठीत लिहिले तरी चालते. तुम्ही सही करायची आणि किमान दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. नोंदणी सक्तीची नाही, पण खानापूरच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत ती करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फी शेकड्यांतच राहते. बाकी खर्च वकिलाचा किंवा बाँड रायटरचा, तो आकडा आधीच ठरवून घ्या. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान आणि वाटणीत नसलेले निवडा. सत्तरीचा माणूस पंचाहत्तरीच्या मित्राला साक्षीला नेतो आणि पुढे कोर्टात उभे राहायला कुणीच उरत नाही. मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलता येते, शेवटचे खरे धरतात. खानापुरातल्या जमिनीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचे शिक्कामोर्तब, सक्तीचे नाही.

मात्र वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्र फक्त आपल्या हिश्श्यापुरते करता येते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. ‘लग्नात दिले की सगळे’ हे उत्तर आता चालत नाही. बहिणींना हक्कसोड करायची असेल तर त्यांनी ती समजून-उमजून करावी, सणाला आल्या म्हणून घाईने नव्हे.

दुसरा मार्ग बक्षीसपत्राचा. कर्नाटकात घरातल्या घरात दिलेल्या बक्षिसाला मुद्रांक शुल्क बाजारभावाच्या टक्क्यांनी लागत नाही, ठराविक रक्कम लागते. खेड्यात सगळ्यांत कमी, शहरात जास्त. म्हणून मुले म्हणतात, आत्ताच करून टाका. माझे म्हणणे, घाई नको. बक्षीसपत्र एकदा नोंदले की आपल्या मर्जीने परत घेता येत नाही. करायचेच असेल तर ‘आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात हवेतच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर असा दस्त रद्द करून मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा.

माणूस गेल्यावर वारसा लावण्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावी, असे कर्नाटकचा १९६४ चा जमीन महसूल कायदा सांगतो. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन नाडकचेरी गाठा. सर्व्हे नंबरातला तुकडा वाटायचा किंवा विकायचा तर ११-ई नकाशा लागतो आणि मोजणीलाच वेळ जातो, तेव्हा अर्ज आधी टाका.

कॅनडातल्या भावाला वारशाने शेतजमीन मिळू शकते, मात्र विकत घेता येत नाही. त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय उच्चायोगात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून आणा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आपल्याकडे मृत्यूवरचा कर १९८५ मध्येच गेला. कॅनडातही वारसा कर नाही, पण मेलेल्या माणसाने मालमत्ता मरणाआधी विकली असे धरून नफ्यावर आयकर लावतात. इकडची शेतजमीन विकताना ती खानापूर पट्टण पंचायतीच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या, बेळगाव शहरापासून सहा किलोमीटरच्या बाहेर असेल, तर भांडवली नफ्याचा कर नाही. कॅनडात राहणाऱ्याला मात्र जगभरचे उत्पन्न तिथल्या विवरणात दाखवावे लागते. नफा त्यातच आला.

आता उरलेल्या पैशाचे. साठीनंतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या: एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के, कमाल ३० लाख, मुदत पाच वर्षे. दहा लाख ठेवले तर तिमाहीला २०,५०० रुपये हातात. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी विचारूनच भरा. आपल्या भागात मात्र जास्त व्याजाच्या ओढीने निवृत्तीचा सगळा पैसा सोसायटीत टाकण्याची रीत आहे. बँकेतली ठेव, सहकारी बँकेतलीही, पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. पतसंस्था आणि सोसायट्यांतल्या ठेवीला हा विमा नाही. जादा दीड टक्क्यासाठी आयुष्यभराची कमाई तिथे ठेवू नये.

नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे उचलतो. वाटणी मृत्युपत्राप्रमाणे किंवा कायद्याप्रमाणे होते. तेव्हा पासबुकावरचे नाव आणि मृत्युपत्रातले नाव एकमेकांशी जुळते का, हे या आठवड्यात एकदा पाहून घ्या.